नीराबाईची पक्कड

— अरे न्हाय, न्हाय, हाक मारू नको त्याला! झारी खाली ठेव आणि बस या विहिरीच्या कट्ट्यावर. माझ्या सदाचं काम चाललंय तोवर चालू दे, मला काय घाई न्हाय — काय? मोठ्यांदा बोल रे गुणाजीदादा, तुझ्या शेठच्या या इंजिनापुढे कोण कुणाचं ऐकतंय! धडधड धडधड, भिंतीपलीकडे जसं काय भूत भात कांडतंय. शेठ येऊन झोपणार कसा या बंगल्यात? — असं व्हय? दिवसा वीज भरून ठेवायची आणि रात्री इंजिन बंद करून वापरायची? म्हंजे सुक्या बोंबलासारखंच की! उन्हात वाळवून ठेवायचं आणि पावसात खायचं. मग आधी असं सांगायचं ना. मला वाटलं, फार मोठी विद्या हाय!

तर ऐक. पण आधी हात पूस. धोतराला न्हाय रे — बरं, चालेल, धोतराला तर धोतराला. हे बघ. काल मुंबईहून आणली. कशी हाय? बघ की उघडून! माळी झालास म्हणून पक्कड कधी बघितली न्हाय का? उघड, मिट, उघड, मिट — लोण्यात बोट फिरवल्यासारखी चालते. मी रात्रभर तेच करत होते. शेजारची मनुबाई भिंतीपलीकडून ओरडली, नीरा, दात वाजतायत का गं तुझे, थंडी भरली काय? मी म्हटलं, व्हय, भरली. आणि तोंडात पदर कोंबून हसत बसले. या वयात!

आता हे सगळं तुझ्यामुळे, हे ध्यानात ठेव. गेल्या गुरुवारी थळच्या बाजारात तूच म्हणालास ना — नीराबाय, तुझ्या पोराची पक्कड घसरते, दांडीला नुसती चिंधी बांधलीय, परवा झटका बसला आणि शिडीवरून खाली आला. हसत हसत सांगितलंस. मीपण हसले. घरी गेले आणि भात करपवला. आणि वर सांगितलंस, मिस्तरी म्हणतो, सोमवारपासून ज्याची हत्यारं त्याची. स्वतःची चांगली हत्यारं आणलीस तर बंगल्याचं राहिलेलं सगळं काम तुला, न्हायतर घरी जा. घरी जा म्हणे! इथून, किहीमहून, थळ केवढंसं — दोन वर्षं झाली, आलाय का तो घरी? तो जाईल कुठे? म्हंजे पक्कड आणायला हवी, आणि आजच्या रविवारच्या आत. बरोबर ना? बरोबर.

बोंबील घेऊन महिन्यातून दोनदा मी रेवसच्या बोटीने जातेच. काल भाऊच्या धक्क्यावर उतरले, पाट्या बरोबरच्या रंगूच्या हवाली केल्या आणि पदर खोचून विचारत विचारत लोहार चाळीत. काय ती दुकानं! वायरींची भेंडोळी अशी टांगलेली, जशी काय वाळत घातलेली लांब वाकटी मासळी. एका दुकानात शिरले. दुकानदार बोहरी, पांढरी दाढी, जरीची टोपी. मला बघून आधी नाकाला रुमाल लावला. म्हणाला, बाई, मच्छी नको. मी म्हटलं, विकायला न्हाय आले, घ्यायला आलेय, विजेच्या कामाची पक्कड दाखव. त्याचा नोकर खिदळला आणि एक पुढे ठेवली — चकचकीत, तोंड दिसेल अशी. मी हात न्हाय लावला. म्हटलं, ही आत ठेव. म्हणाला, का? म्हटलं, जी मासळी गिऱ्हाइकापुढे सगळ्यात आधी सरकवतात ती ताजी नसते, हे तू मला शिकवतोस? मी स्वतः सरकवते!

मग तो म्हातारा रुमालाआड हसला. म्हणाला, काढ रे सगळा माल. नोकराने फळीवर रांग लावली — एकोणीस. मी मोजल्या. आणि मी बसले, हो, खाली, मांडी घालून, पुढ्यात पाटी असल्यासारखी. आता मला सांग, पापलेट कसं घेतोस तू? डोळा बघतोस, कल्ले उघडतोस, पोट दाबतोस, वास घेतोस. मग पक्कड काय वेगळी हाय? हा मधला खिळा, हा तिचा डोळा. तो हलला की समज शिळी. अशी उभी धरायची आणि एक दांडी सोडून द्यायची — आपल्या वजनाने सावकाश खाली आली पाहिजे. धपकन पडली तर सैल, अडकून राहिली तर हात दुखवील. मग तोंड मिटायचं आणि उजेडासमोर धरायचं. मेल्या माशाचं तोंड कधी नीट मिटत न्हाय. हिचं मिटलं पाहिजे, टोकाला सुताएवढा उजेड दिसता कामा नये. मग वास. हसू नको! गंज चढलेला माल घासून वर रंग फासतात, त्याला घासलेटाचा वास येतो. चार तशाच निघाल्या. मी बाजूला काढल्या तशी म्हाताऱ्याने नोकराकडे असं बघितलं, असं बघितलं — तो खिदळायचा थांबला.

मग धार. मी माझ्या डोक्यातला एक केस उपटला, पांढरा, पांढरे पुष्कळ हायत, आणि पात्यांत धरला. तीन पकडींनी नुसता चावला. म्हातारा ओरडला, बाई, आ माछली नथी! मी म्हटलं, चाचा, मासळी खोटी निघाली तर एक जेवण फुकट जातं, ही खोटी निघाली तर माणू — बरं, ते असो. पुढे ऐक ना, पुढची तर मजा हाय! मागे वळून बघते तर ही गर्दी. गिरणीत विजेचं काम करणारी चार माणसं उभी, हाताची घडी घालून, भजनाला आल्यासारखी. त्यातला एक म्हणाला, मावशी, आमचीपण बघून दे. मी म्हटलं, आण. मग दुसरा. मग तिसरा! गुणाजीदादा, मी, थळच्या कोळीवाड्यातली नीरा, मुंबईच्या वायरमनांना पकडी पारखून देत होते — आणि एकाला मी रागावलेसुद्धा, दांडीवरचं रबर असं नुसतं बघतोस काय, नख रोव, वाकवून बघ, जुनं रबर चिरतं, आणि चिरेतून वीज येईल हाताशी! कुणाला ठाऊक मला कुठून सुचलं. तो म्हणाला, व्हय मावशी. मिशीवाला माणूस!

आणि हा पेचकस. हाही घेतला. म्हाताऱ्याने आधी दाखवला त्याची मूठ शिसवाची, सुंदर, पण वर बघते तर लाकडाच्या डोक्यातून लोखंडाचा ठिपका डोकावतोय. म्हंजे लोखंड आरपार गेलेलं. सदा लहानपणी शाळेतून येऊन सांगायचा, आये, लाकडातून वीज जात न्हाय, लोखंडातून जाते. मग तळवा टेकायचा तो त्या ठिपक्यावरच ना? मी म्हटलं, याने तर वीज सरळ पोराच्या हातात. म्हाताऱ्याने तो ठेवून हा दिला. म्हणाला, बाई, तुझा आदमी ये काम करतो का? मी म्हटलं, न्हाय. माझा आदमी न्हाय. मुलगा. मग त्याने स्वतः उठून आतल्या कपाटातून ही पक्कड काढली, फळीवर नव्हतीच ही, विसावी. जर्मन हाय म्हणाला. मी हिलापण सगळं केलं — डोळा, तोंड, वास, केस. केस असा तुटला, कळलंच न्हाय. आणि मग रंगाखाली बघायचं कसं ते त्यानेच मला शिकवलं, मी घरचा तो तुकडा दाखवला तेव्हा —

कुठला तुकडा? कुठला न्हाय. लोखंडाचा. पदराआड होता. तू ही पक्कड घे आता आणि सदाला दे, म्हंजे झालं. सांग शेठने पाठवली. — का म्हंजे? मी दिली म्हटलं तर घ्यायचा न्हाय. — तुला कोण सांगतंय मी रडते म्हणून? धूर येतोय त्या इंजिनाचा, डोळ्यांत जातोय. आणि तू जरा मोठ्यांदा बोल की! काय म्हणालास?

माफ कर? मी — त्याला?

बाबा रे. तूपण तेच म्हणतोस. सगळं थळ तेच म्हणतं. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी वारा फिरला, माझ्या धर्माजीने उंदेरीच्या खडकाजवळ होडी नांगरली, नांगराची गाठ सदाने मारली, गाठ सुटली, होडी खडकावर गेली. खलाशी भिकू पोहून आला, सदा पोहून आला, बाप न्हाय आला. पोराच्या हातची गाठ सुटली. त्याला तोंडावर कुणी काही बोललं न्हाय, मागून सगळे बोलले. त्याने स्वतःच होडी सोडली, घर सोडलं, इथे येऊन वायरी ओढतोय, आणि तू म्हणतोस मी त्याला माफ करावं — हे बघ. बघ, टोपलीत खाली काय हाय. हे फडकं सोड. दोर हाय ना? चौथ्या दिवशी वाळूत लागला, मला एकटीला, पहाटे. आता गाठ बघ. बघ, ओढ, दोन्ही हातांनी ओढ! सुटते? सुटली न्हाय, गुणाजीदादा, कधीच सुटली न्हाय ती गाठ! आणि तिच्यात हे लटकलंय ते काय? अर्धी कडी. नांगराची कडी. तोच तो तुकडा. म्हाताऱ्याने भिंगाने बघितला आणि म्हणाला, बाई, ही आतून आधीच चिरलेली होती, वरून रंग दिला होता. आता तुला सांगू ती आणली कोणी? अलिबागला एक फिरता विकणारा बसला होता, त्याच्याकडून. चकाकत होती. धर्माजी म्हणाला होता, वाजवून बघितलीस का गं? आणि मी म्हटलं, लोखंड ते लोखंड, त्यात काय बघायचं! मी म्हटलं! दोन वर्षं ही गाठ मी तांदळाच्या मडक्यात लपवली, पोराला जाळत ठेवलं, माझ्या तोंडून एक शब्द फुटला न्हाय, गाठ त्याची न्हाय सुटली, कडी तुटली, आणि ती कडी मी आणली होती, मीच —

…

बंद झालं?

इंजिन… कधी बंद झालं रे?

सदा. तू कधीपासून उभा हायस दारात?

न्हाय, पक्कड मागाहून. आधी ही गाठ घे. तुझ्या हातची हाय.

गुणाजीदादा, तू ऊठ. झारी उचल. झाडं सुकतायत तुझी — ऊठ म्हटलं ना.