दर महिन्याला पंचावन्न किलो

नका जाऊ खिडकीशी. त्यांनी तुम्हांला पाहिलं की त्या लगेच खाली बसतील. इथं बसा, बाकावर. तुमच्या आईच ना त्या, पहिल्या रांगेतल्या? पहिलाच दिवस दिसतोय. अहो, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, इतकंच तर शिकवतात आत, म्हाताऱ्या बायकांच्या व्यायामाच्या वर्गात — इतकंच म्हणतो मी, पण त्या इतक्यातच सगळं आलं. मी काही शिकलेला माणूस नाही. गोदामात काट्यावर होतो, पोती तोलायला, चाळीस वर्षं. तेव्हा वजनातलं आपल्याला कळतं असा आपला एक समज.

माझी बायको? नाही, आत नाही ती. येणार आहे. रविवारी. — तर काय सांगत होतो, ही एकदा न्हाणीघरात पडली. हाडबीड नाही मोडलं, मुका मार. पण माझ्या काळजात धस्स झालं ना! म्हटलं, आजपासून तू कशालाही हात लावायचा नाहीस. बादली मी उचलली, केर मी काढला, अंथरूण मी घातलं, पाण्याचा पेलासुद्धा तिच्या हातात नेऊन दिला. शेजारीण म्हणायची, नशीब काढलंस गं बाई! ही हसायची — पहिलं वर्षभर हसायची. आणि दर महिन्याला तिला गोदामात न्यायचो, ओळखीचीच माणसं सगळी, पोत्यांच्या काट्यावर उभी करायचो. पंचावन्न किलो. दर महिन्याला पंचावन्न, रतीभर इकडंतिकडं नाही. मी खूश. बघ, म्हणायचो, कशी ठेवलीय तुला! ती म्हणायची, अहो, पायांत जीव नाही राहिला माझ्या. मी म्हणायचो, काटा काय खोटं बोलतो?

नाही बोलत हो खोटं. पण काटा किती ते सांगतो, काय ते नाही सांगत. पोत्यात सळई खुपसून चार दाणे काढून बघायचो मी, आत किडकं आहे का म्हणून. पोत्याचं केलं, बायकोचं नाही केलं. शेवटी लेक घेऊन गेली दवाखान्यात. तिथल्या यंत्रावर उभी केली तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन तेवढंच आहे, पण मांस झडलंय आणि त्या जागी चरबी भरलीय — यांना घरात कोणी काम करू देत नाही का? दुसऱ्या दिवशी लेक आईला आपल्या घरी घेऊन गेली.

आता तिकडं दोन जिने चढते म्हणे. फोन करते ना. आधी विचारायची, जेवलात का? आता सांगते, आज काय काय उचललं ते. म्हणाली, येईन, पण एक अट — मी धडपडले तरी तुम्ही जागचं हलायचं नाही. म्हटलं, जमेल. जमतं कुठं! म्हणून तर इथं येतो, बायका उठताना बघत बसायला, हात मांडीखाली घालून — हे असे. पहिल्या आठवड्यात इथल्या मास्तरीणबाईंनी हटकलंच, आजोबा, रोज काय बघता हो खिडकीतून? काय सांगणार, बाई, बसायला शिकतोय! घरात बादली भरत नाही आता. केर दाराशी लोटून ठेवतो, भरायचा तिनं. तिच्या वाटणीचं सगळं ठेवलंय.

आठ महिने झाले तिला जाऊन. हो, रविवारीच म्हणाली. कुठल्या, ते मी नाही विचारलं.

सुटला बघा वर्ग. आल्या तुमच्या आई. पिशवी घेतलीय, घेऊ दे. कठडा आहे. एक पायरी — बसा हो, बसा — दुसरी — पायानं पायरी शोधतायत, सापडेल, सापडेल त्यांना — अहो बाई, सांभा—

नाही, काही नाही. उतरल्या की त्या. तुम्ही बसलेलेच आहात. मीच उठलोय.

जा आता तुम्ही. पिशवी मागू नका.