बाबांचं बंदर

आखातातल्या अल वक्राच्या दवाखान्यात सगळे नंबरची वाट बघत बसले असताना कुकरची शिट्टी वाजली. समोरच्या बाईंच्या मोबाइलची ती रिंगटोन होती. स्पीकरवरून मराठी ऐकू आलं, तशी भैरवी मांडीवरच्या लेकाला थोपटता थोपटता कान देऊन बसली.

“अहो, कुठं पोचली तुमची क्रूझ?”

“मार्सेयला. काल जिनोआ. पाहुणे किल्ले बघायला उतरलेत, मी त्यांच्या चादरी बदलतोय.”

“म्हणजे युरोप बघताय, तोही खिडकीतून! दिवाळीला येताय ना?”

“काँट्रॅक्ट वाढलं गं.”

“खलास. चकल्या मीच खाते.”

फोन ठेवताच त्यांच्या चिमुरडीने पदर ओढला.

“आई, बाबा कुठंयत?”

“बंदरात.”

“बंदर? म्हणजे मंकी?”

“ते हिंदीत, बाळा. मराठीत बाबांचं जहाज जिथं थांबतं, ते बंदर.”

“मग आपलं घर बंदर का नाही?”