डाव्या हातानं लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या

नाही, पण मला सांगा, वकिलीचं कॉलेज निवडताना कुणी टेबलाचे सांधे तपासतं का? आमच्या बाबांनी तपासले. प्राचार्यबाई आम्हाला ग्रंथालय दाखवताहेत, ही इतकी पुस्तकं, त्या पलीकडच्या खोलीत मुलं खोटे खटले लढायचा सराव करतात, असं मोठ्या कौतुकानं सांगताहेत, आणि वळून बघतात तर बाबा नाहीत... बाबा टेबलाखाली. बाहेर आले ते हात झटकत. "भुसा दाबून केलेला माल आहे. चार वर्षांत पाय हलणार." बाई म्हणाल्या, "आमचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे." बाबा म्हणाले, "तेच म्हणतोय मी." धाकटी माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे दादा, आवर यांना. मी काही बोललो नाही.

तुम्हाला सांगतो, आमचं सुतारकाम. दारं, खिडक्या, चौकटी. बाबा आणि मी. करवतीच्या आवाजानं त्यांना ऐकू कमी येतं आणि मी बोलतो कमी, त्यामुळे आमचं छान जमतं. बोलणारी घरात ही एकटी, माझी धाकटी बहीण. मी आठवीत शाळा सोडली, कारण काय तर वर्गात उभं राहून धडा वाचायचा, आणि माझा आवाज गळ्यापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. सगळा वर्ग वाट बघायचा. शेवटी मीच वाट सोडली. तेव्हापासून माझ्या वतीनं ही बोलते. आठ वर्षांची होती हो. डॉक्टर मला विचारायचे, कुठे दुखतंय, मी हिच्याकडे बघायचो, ही सांगायची, "पोटात, परवापासून, आणि इंजेक्शनला घाबरतोय." दुकानात गिऱ्हाईक आलं की, "दादा म्हणतोय, खिडकी शुक्रवारी मिळेल." दादा काही म्हणालेला नसायचा, पण खिडकी शुक्रवारी द्यावी लागायची. आता अशा मुलीनं वकील नाही व्हायचं तर काय कुंभार व्हायचं?

तर दोन कॉलेजांत नाव लागलं. हे टेबलवालं चौदा तासांच्या प्रवासावर. मोठं, नावाजलेलं. त्याचं माहितीपुस्तक हिनं इतक्या वेळा उघडलं की पानं सुटली, मग मीच ती डिंक लावून चिकटवून दिली. दुसरं आमच्या घरापासून वीस मिनिटं चालत. पोस्टाच्या वरचा मजला, तीन खोल्या. तिथली बाकं मात्र सागवानी. बाबांनी त्यावरून असा हात फिरवला, जसं कुणी वासराच्या पाठीवरून फिरवावा. "बघ, शंभर वर्षं जागचं हललेलं नाही." धाकटी म्हणाली, "बाबा, इथले मास्तरही."

मग मामा आला. मामा कोर्टात टायपिस्ट. "मी तीस वर्षं वकील बघतोय. चांगला वकील कॉलेजात नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात तयार होतो. जवळचं घ्या. आणि हिला लांब पाठवलंत तर या दोघा मुक्या खांबांशी बोलणार कोण?" खांबांपैकी एक मी. मी काही बोललो नाही.

आता आमच्या घरची एक पद्धत आहे. काहीही ठरवायचं झालं की चिठ्ठ्या. आईनं सुरू केलं ते. म्हणायची, "याचं तोंड उघडत नाही, चिठ्ठी तरी उघडेल." स्क्रूच्या रिकाम्या डब्यात चौघांनी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि कुणाची कुठली ते कधी विचारायचं नाही. हा तिचा कडक नियम. गुप्त मतदान... आणि बाबा लिहायचे सुताराच्या जाड पेन्सिलीनं, हिचं अक्षर मोत्यासारखं, माझं मुंग्यांसारखं. डोळे मिटून कळायचं कुणाचं कुठलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. डबा राहिला, नियम राहिला.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि डबा काढला. 'जवळ' किंवा 'लांब', एवढंच लिहायचं. मला काय हवं होतं? उघड आहे. ती गेली की मी डॉक्टरकडे काय हातवारे करत जाऊ? पण ती सुटलेली पानं चिकटवताना मी तिचा चेहरा बघितला होता. मी लिहिलं, 'लांब'. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं.

डबा उघडला. तीन चिठ्ठ्या, तिन्ही वाकड्या, तिन्ही डाव्या हाताच्या. हसावं की काय करावं? दोन 'लांब', एक 'जवळ'. झालं, ठरलं. मी मनात म्हटलं, ती 'जवळ' बाबांची. येणारच, त्यांचा जीव त्या सागवानात. धाकटीनं तिन्ही चिठ्ठ्या घडी घालून परत डब्यात ठेवल्या आणि भांडी घासायला गेली. तासभर भांडी घासत होती. तीन माणसांची भांडी.

चार दिवसांनी दुकानात मी रंधा मारतोय आणि बाबा एकदम म्हणाले, "तुला वाईट वाटत असेल. तू 'जवळ' लिहिलंस आणि आम्ही दोघांनी 'लांब'." माझा रंधा थांबला. "मी 'लांब'च लिहिलं, बाबा." त्यांना ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, मोठ्यानं, आख्ख्या गल्लीला कळेल असं. मग ते खाली बसले, भुशातच.

म्हणजे कळलं ना तुम्हाला? 'जवळ' तिची होती. आमच्यासाठी लिहिली तिनं. आणि उरलेल्या दोन 'लांब' कुणाच्या, हे तिला डबा उघडला त्याच क्षणी कळलेलं. वकील ती, तिला पुरावा कशाला समजावून द्यावा लागतोय? तिनं विचारलं नाही, कारण नियम. आम्ही सांगितलं नाही, कारण... आम्ही आम्हीच.

बसस्टँडवर ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "दादा, तुम्हा दोघांना इतकं सोपं गेलं का रे?" असं हळूच, हसत. बाबांना ऐकू आलं नाही. मला आलं. माझा आवाज निघाला, गळ्यापर्यंत आला, तिथून पुढेही आला, मी तोंड उघडलं आणि काय म्हणालो माहितीये? "पाण्याची बाटली उभी ठेव, झाकण सैल आहे." ती म्हणाली, "बरं." बस गेली.

आता दोन महिने झाले. ती फोन करते, बाबांना ऐकू येत नाही म्हणून मी धरतो. ती म्हणते, "जेवलास?" मी म्हणतो, "हो." तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर तसंच पडलंय आणि मी काही बोललो नाही.

शेवटी गेल्या रविवारी बाबांनीच डबा काढला. म्हणाले, आपण 'लांब' का लिहिलं ते तिला सांगून टाकायचं का? होऊन जाऊ दे मतदान. मी उजव्या हातानं लिहिली, त्यांनी जाड पेन्सिलीनं. उघडल्या. दोन्हींवर तेच, 'तू सांग.'

काय करणार... घरात बोलणारं माणूस एकच होतं, तेच आम्ही बहुमतानं पाठवून दिलं.