एकोणचाळीस नंबरची बोअर

(प्रयोगशाळा. थोरली बहीण पाणी तपासते, धाकटी त्या आकड्यांचं गणित मांडते. टेबलावर छपाईला निघालेला अहवाल.)

ताई : पहिल्या पानावर तुझं नाव, आणि माझं शेवटच्या पानावर, आभारात. तेही ड्रायव्हरच्या खाली!

धाकटी : ती यादी साहेबांनी केलीय गं.

ताई : उन्हातान्हात साठ बोअरचं पाणी भरून आणलं मी, तपासलं मी. तू पंख्याखाली बसून आकडे चाळलेस. आयत्या बिळावर नागोबा!

धाकटी : नुसत्या साठ बाटल्या बघून कुठल्या पट्ट्यातलं पाणी पिण्याजोगं, ते कळत नाही ताई. गणित मांडावं लागतं.

ताई : हो, आईपण फोनवर तेच ऐकवते. ‘धाकटीनं नाव काढलं.’ अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या.

धाकटी : मग आज काय, भांडायला आलीस?

ताई : एकोणचाळीस नंबर कुठं गेला तुझ्या तक्त्यातून?

धाकटी : काढला. सगळ्यांचं फ्लोराइड दीडच्या मर्यादेच्या आत, त्या एकाचंच सहा. म्हटलं, तुझा हात चुकला असेल.

ताई : तीनदा मोजलं होतं. तिन्ही वेळा सहा.

धाकटी : मग बोलली का नाहीस? तक्ता महिनाभर तुझ्याकडे होता!

ताई : तू सगळ्यांसमोर तोंडावर पडावीस म्हणून.

धाकटी : ताई!

ताई : ऐक तरी. साठ ठिकाणं, डोक्यात फक्त नंबर राहतात. आज सकाळी जुनी वही उघडली. एकोणचाळीससमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘शाळेची बोअर’. आणि तुझ्या अहवालात तो अख्खा पट्टा सुरक्षित. डबा तसाच ठेवून पळत आले.

धाकटी : चूक माझी आहे. असा वेगळा आकडा दिसला, तर काढण्याआधी विचारायचं असतं. मीच शिकवते हे सगळ्यांना.

ताई : मग मला का नाही विचारलंस?

धाकटी : लहानपणापासून प्रत्येक गोष्ट तुलाच विचारत आलेय. तू घोटभर चाखून सांगतेस पाणी कसंय ते. एकदा तरी तुझ्यावाचून करून दाखवायचं होतं.

ताई : म्हणजे तूपण जळत होतीस?

धाकटी : तुझ्याहून जास्त. छपाई थांबवते मी. पहिलं नाव तुझं घालू?

ताई : ते बघू मागाहून. सोडणार नाहीये मी! आधी शाळेला फोन लाव. दहा मिनिटांत मधली सुट्टी होईल.