पावण्याची सतरंजी

मी मूळचा कबनूरचा, बा यंत्रमागावर हुता, आमी भावंडं त्या खटखटीतच झोपायचो, म्हणून कळंब्याच्या जेलात शिपाई लागल्यावर साहेब म्हटले, तुला मागातलं कळतंय, विणकामावर थांब, आणि तिथनंच मी रिटायर झालो. काय सांगू तुमास्नी, कुणाच्या गुन्ह्यात शिरायचं न्हाय, धागा तुटला का बघायचं, एवढीच नोकरी.

तिथं एक परदेशी कैदी हुता, विमानतळावर माल घेऊन घावलेला. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसंना, म्हणून सगळी त्याला पावणा म्हणायची. हात लई साफ, सतरंजीचा काठ पट्टीनं आखल्यागत काढायचा. मराठी माझ्याकडनं शिकला, त्यामुळं शिव्या आदी आल्या, बाकीचं मागनं.

तर त्याच्या देशात आपला एक पत्रकार आत घातलेला, कायतरी छापलं म्हणून. दोन्ही सरकारांचं बोलणं चाललेलं, आणि ते म्हटले आमचा माणूस द्या, तुमचा घ्या. त्यांचा माणूस म्हणजे हा पावणा, त्याच्याकडनं त्यांना काय वदवून घ्यायचं हुतं द्येव जाणे. दिल्लीचं दोन साहेब आलं, पण मी जायला तयार हाय अशी कागदावर पावण्याची सही पायजे, आणि गडी सहीच करंना. म्हणायचा, तिकडं मला परत आत टाकतील, तिथला जेल असा न्हाय. सही न्हाय तर पत्रकार न्हाय. चार दिवस गेलं, मग मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, तुझं ऐकतोय तो, बघ.

मी मागाजवळ बसलो. म्हटलं पावणं, त्या पत्रकाराला म्हातारी आई हाय, जेवत न्हाय, दारात बसून असती. मला त्याच्या घरचं काडीचं म्हाईत नव्हतं, तोंडाला आलं ते बोललो. पावण्याची आई तो जेलात असतानाच गेलती, ते मात्र म्हाईत हुतं, म्हणूनच बोललो. त्यानं माग थांबवला, विचारलं, दारात बसती? म्हटलं व्हय की. केली सही.

जायच्या दिवशी त्यानं माझ्या हातात सतरंजी दिली, त्यानंच विणलेली, निळी, लाल काठाची. म्हटला, मामा, त्या आईला द्या, जमीन गार असती.

दोन दिवसांनी टीव्हीवर पत्रकार विमानातनं उतरला, बायको, पोरगी, हार, सगळं. माईक पुढं आला तसा म्हटला, आज आई पायजे हुती, मी शाळेत असतानाच गेली ती. मी टीव्ही बंद केला. पावण्याचं पुढं काय झालं म्हणून साहेबांना विचारलं, तर म्हटले, तो विषय आपला न्हाय.

पत्रकार सुटला, चांगलंच झालं की. आता आमचं घर कळंब्यातच हाय. कोण आलं की बायको म्हणती, ती निळी काढा की, पुजायला ठेवलीया काय? मी म्हणतो, ती सोडून दुसरी आण. तुमी बी चटईवर बसलाय, राग मानू नका. अंबाबाई त्याला कुठंतरी बसायला कोरडी जागा देऊ दे, हितं त्याच्या सतरंजीवर कुणी बसायचं न्हाय.