कोऱ्या पानावरची सोबत

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे निवृत्तीला आलेले एक काका आणि बऱ्याच दिवसांनी ऑफिसला आलेली एक मुलगी उभी होती.

“काका, मी घरून काम करत होते तेव्हा आपल्या दोघांच्या अहवालाच्या ऑनलाइन फाइलमध्ये तुम्ही रोज काय करत होता?”

“वाचत होतो.”

“काय वाचत होता? पान कोरं होतं. आई गेल्यापासून मला एक ओळ सुचत नव्हती. नुसती फाइल उघडून बसायचे.”

“दिसत होतं. वर तुझं नाव यायचं.”

“आणि खाली तुमच्या कर्सरची हिरवी रेघ, एकाच जागी लुकलुकत. मला वाटलं, काकांचं पुन्हा काहीतरी अडकलं.”

“अडकलं असतं तर फोन करून तुझं डोकं खाल्लं नसतं?”

“मग?”

“एकटी आहेस, म्हटलं बसावं जरा सोबत. धीराचं बोलणं मला जमत नाही. फाइल उघडायला तू शिकवलंस, तेवढं जमतं.”

“दुपारी बारालाच तुम्ही जेवायला उठलात की रेघ जायची. मग मीही उठून दोन घास खायचे.”

“ठाऊक आहे. परत यायचो तेव्हा तुझंही नाव नसायचं. नाहीतर मला इतक्या लवकर कुठे भूक लागते?”