साहेबाच्या बंदुकीला नवी साइट

नाही हो मिस्त्री, दोष स्प्रिंगचा नाही. दोष अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे वडील – फोर्टातल्या गोऱ्यांच्या कंपनीत हेडक्लार्क, तीस वर्षं तोच काळा कोट. स्प्रिंग बिचारी काय करणार? तुम्ही नळी नाकाशी धरा आधी. धरा ना. आला वास? खोबरेल! डोक्याला चोपडायचं खोबरेल, काशीराम मिस्त्री, आणि ते एअर रायफलच्या नळीत! आधी गिरणीत फिटर होतात, आता इथे साकीनाक्याला स्वतःची लेथ टाकून बसलात – बघितलंत कधी असलं? नाही ना? मग आमच्याकडे अंधेरीला या, खंडेनवमीला. दर वर्षी होतं.

पाटावर लाल कापड. त्यावर विळी, अडकित्ता, बहिणीचं शिवणयंत्र, माझी कंपासपेटी – कॉलेज सोडून दोन वर्षं झाली, इंटरला सोडलं, पण कंपासपेटी अजून पूजेला बसते – आणि मधोमध ही. हळद, कुंकू, अक्षता, नळीच्या तोंडात झेंडू. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. तुम्ही पण घालताच की लेथला हार. पण हार घातल्यावर लेथच्या पोटात पळीने तेल ओतता का? अण्णा ओततात. आरती झाली की बंदूक उभी करायची आणि देवाच्या पळीने दोन पळ्या आत. का? तर त्यांचा गोरा साहेब तेल लावायचा. साहेब लावायचा ते बाहेरून, फडक्याने – आणि हे बघायचे कुठून, तर दाराबाहेर फायली घेऊन उभे राहून! आत काय चाललंय ते यांना निम्मं दिसलं, उरलेलं मनाने भरलं. आणि सांगायची सोय नाही. ही बारुदाची नाही अण्णा, हवेची आहे, दट्ट्याने हवा दाबली की तापते, तिथे तेल असलं की भडकतं – डिझेलच्या इंजिनात दुसरं काय होतं? – असं मी शंभरदा सांगितलं असेल. तर म्हणतात, 'तू इंटर नापास, मला इंजिन शिकवू नकोस.' नापास नाही हो मी. सोडलं. फरक आहे. असू दे.

ही त्या साहेबाचीच. सत्तेचाळीस साली तो बोटीत बसला तेव्हा वाटावाट झाली – कुणाला टेबल, कुणाला घड्याळ, अण्णांना ही. बोटीवर वजन नको, म्हणून दिली असणार. पण आमच्याकडे जसं काही वतन मिळालं! दस्त्याला साहेबाच्या नावाची पितळी पट्टी होती, ती दर रविवारी चिंचेने घासायची. माझं प्रगतिपुस्तक त्यांनी इतक्या प्रेमाने कधी हातात धरलं नाही. आणि ती पट्टी होती कुठे, तर नेमकी मुठीच्या मागे – जिथे तुम्ही म्हणता ती नेम धरायची भोकाची साइट बसते. म्हणजे साइट लावायची तर पट्टी काढा. पट्टी काढा म्हटलं की घरात सुतक. दोन वर्षं मी या मोडक्या साइटवर नेम धरतोय, मिस्त्री. मागची खाच झिजलेली, पुढची माशी वाकडी. तरी क्लबात माझी कार्डं बघा. घाटकोपरच्या टेकडीखाली आमचा नेमबाजीचा क्लब – तिथे कुणालाही विचारा.

तर आता प्रश्न एवढाच आहे. हिच्यात नवीन स्प्रिंग, नवीन चामड्याचा वायसर आणि ती साइट घालायची – का ही तुम्हाला देऊन टाकायची आणि ती खुंटीवरची जर्मन घ्यायची? मढच्या बंगल्यातून आलीय म्हणालात ना? बघू. फक्त हातात घेतो. – आयला! वजन बघा कसं पुढे बसतं. चाप असा, की मनात आलं आणि सुटला. हिच्यावर आंधळासुद्धा मधला ठिपका उडवेल. ठेवतो. ठेवली. तुम्ही सांगा, तुम्ही काय कराल? – हो, तेच म्हणता तुम्ही, जुनी चीज आहे, नळी अजून सरळ आहे, सुधारली तर वीस वर्षं जाईल. बरोबर आहे. मग घाला साइट. घाला. – नाही, थांबा जरा. ड्रिल लावू नका लगेच.

काय घाई आहे? घाई नाही. घाई होती ती गेल्या रविवारपर्यंत. दिवाळीच्या आधीचा रविवार, आमच्याकडे निवड होती. पाच जणांचा संघ, बाहेरगावी जायचा. आणि आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश – ते रेल्वेत वरच्या जागेवर – त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की संघात येणाऱ्यांत जो बेकार असेल त्याला कुर्ल्याला स्टोअर्समध्ये चिकटवतो, रेल्वेला नेमबाज हवेत. आता तिथे बेकार कोण? मी आणि जयवंत. चार जागा ठरल्यासारख्याच होत्या, पाचवी त्याची किंवा माझी. आणि सरावात मी त्याच्या दहा-बारा गुण पुढे – कधी कधी पंधरा. म्हणजे नोकरी खिशात, मिस्त्री! रेल्वेची नोकरी, रेल्वेची खोली, अण्णांच्या घरातून बिऱ्हाड बाहेर. रोज सकाळी चहाबरोबर साहेबाची गोष्ट ऐकायला नको.

उभा राहिलो. श्वास सोडला, चाप ओढला – आणि आवाज झाला, तो असा की पलीकडच्या झाडावरचे कावळे उठले. नळीतून धूर! निळा, घट्ट धूर, आणि सगळीकडे जळक्या खोबरेलाचा वास. मागून एक जण ओरडला, 'कोण रे भजी तळतंय?' दुसरा म्हणाला, 'भजी कसली, वेणीफणी चाललीय!' पन्नास माणसं हसली. कार्डाला भोकच नाही. छर्रा कुठे गेला देवाला ठाऊक. पुन्हा दांडी ओढली तर आत खडखड – स्प्रिंगचे दोन तुकडे. तेच तुमच्या पुढ्यात आहेत. झालं? आता सांगा दोष कुणाचा.

त्या दिवशी काय? त्या दिवशी संपलं सगळं. स्प्रिंग तुटल्यावर काय गोफण घेऊन – नाही, तसं म्हटलं तर चंद्रप्रकाश म्हणाले होते, हत्याराचा बिघाड आहे, हा छर्रा धरणार नाही, दुसरी बंदूक घ्या आणि पहिल्यापासून करा. दुसरी कुठली? तर – जयवंतने स्वतःची पुढे केली. हो, जयवंतनेच. ती खुंटीवरची आहे ना, तशीच त्याची, जर्मन. म्हणाला, 'घे रे विद्या, माझी पाळी शेवटी आहे.' विद्या म्हणजे विद्याधर. माझं नाव. हसा, हसा, सगळे हसतात. मी घेतली नाही. का म्हणजे? परक्या बंदुकीवर हात बसतो का? दस्ता लांब, चाप हलका. – मघाशी? मघाशी मी नुसती हातात धरली होती. धरणं वेगळं, निवडीत मारणं वेगळं. तुम्ही काय वकील आहात का मिस्त्री?

सतरा. खंडेनवमी ते तो रविवार, सतरा दिवस. हो, सतरा दिवसांत रोज वीस-तीस छर्रे मारले तर तेल जळून जातं, मला माहीत आहे ते. दर वर्षी तेच करतो मी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नळी उलटी टांगतो, गजाला फडकं गुंडाळून चारदा फिरवतो, आठवडाभर फुकट छर्रे मारतो, मग कुठे ती माणसात येते. या वर्षी – या वर्षी नाही केलं. हात लावला नाही. अजिबात नाही. तुम्हाला विचित्र वाटेल, निवड तोंडावर आणि हा हात लावत नाही. पण तुम्ही आमच्या घरी नव्हता त्या दिवशी. पाव्हणे बसलेले, आरतीचं ताट फिरतंय, आणि अण्णा सगळ्यांसमोर म्हणतात, 'शस्त्र उत्तम आहे हो घरात, धरणारा निघाला नाही. साहेब असता तर याला शिपाई म्हणूनसुद्धा ठेवला नसता.' पाव्हणे हसले. मग ओतल्या दोन पळ्या. मी बघत उभा. मनात म्हटलं, ओता. अजून ओता. यंदा मी काढणार नाही. तुम्ही घाण केलीत, तुमच्या साहेबाच्या बंदुकीची जी शोभा व्हायची ती चारचौघांत होऊ दे.

असं स्वच्छ ठरवलं होतं असं नाही हो. म्हणजे – रोज वाटायचं, आज पुसू, उद्या पुसू. निवडीच्या दिवशी सकाळी कुंदाने विचारलं पण. कुंदा बहीण माझी. 'दादा, तेल काढलंस ना?' मी म्हटलं, तू तुझं शिवण बघ. तिला कळलं असणार. कारण संध्याकाळी मी घरी आलो आणि अण्णांवर तुटून पडलो – काय काय बोललो! गोऱ्याचे पाय चाटून आयुष्य काढलंत, पोराची भाकरी त्याच्या नावाने तेलात बुडवलीत – सगळी गॅलरी दाराशी गोळा झाली – तर कुंदा मध्ये पडली नाही. चौकटीला टेकून नुसती माझ्याकडे बघत राहिली. एरवी पहिली धावते ती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ती? ती दोन भोकं? – स्क्रूची. पट्टीची. नाही, मी नाही काढली. अण्णांनीच काढली. आज सकाळी मी उठलो तर ते ओट्यावर बसलेले, विळीच्या टोकाने स्क्रू फिरवत होते. बोटाला लागलं होतं त्यांच्या. पट्टी काढून कोटाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, 'चुकलं माझं. मला त्यातलं कळत नव्हतं. जा, मिस्त्रीकडून हवी ती साइट लावून आण, नाहीतर बदलून घे.' बास. अठ्ठावन्न वर्षांत तो माणूस कुणाला चुकलं म्हणाला नसेल – साहेबाला सोडून. आणि मी काय केलं? मी बंदूक उचलली. गोणपाटात गुंडाळली. 'बरं' म्हटलं. बरं! तिथे सांगता आलं असतं ना, की अण्णा, मला ठाऊक होतं तेल आहे ते? दोन शब्द. कुंदा चहा गाळत होती, गाळणं तिच्या हातात तसंच. मी जिना उतरून आलो.

असे बघू नका. तुमच्याकडे काम घेऊन आलोय, न्याय करून घ्यायला नाही. साइट – हो, साइटचं बोलत होतो. जागा मोकळी झालीय आता, पट्टी नाही, लावा म्हटलं तर अर्ध्या तासात लावाल तुम्ही. वायसर नवा, स्प्रिंग नवी, माशी सरळ करून. मग ही क्लबातल्या कुठल्याही बंदुकीला ऐकणार नाही, हे मीच म्हणत आलो दोन वर्षं. आणि जर्मन घेतली तर विचारायलाच नको. पण समजा – नुसतं समजा मिस्त्री – सगळं नवीन बसवलं, पळी नाही, पट्टी नाही, साहेब नाही, अण्णा लांब – आणि मी उभा राहिलो आणि तरी दहाच्या जागी सात आणि आठच पडले तर? मग कुणाचं नाव घ्यायचं? जयवंतने त्या दिवशी बंदूक पुढे केली ना, तेव्हा माझ्या मनात हेच आलं. हात बसत नाही वगैरे काही नाही. ती घेऊन मी चांगले गुण मारले असते तर अण्णा सुटले असते. आणि वाईट मारले असते तर –

नाही. ते ड्रिल खाली ठेवा. साइट नको. जर्मन पण नको, टांगा ती परत. स्प्रिंगसुद्धा घालू नका. तुकडे आत टाका तसेच आणि द्या ती इकडे, मी गुंडाळतो. दोरी नको, मला बांधता येतं. नंतर येईन म्हणायचं तर म्हणतो, येईन. आता आणखी काही विचारू नका. पाचवी जागा जयवंतला मिळाली. तो आज सकाळी कुर्ल्याला कामावर रुजू झाला.